निवड ऑक्टोबरातली, मुक्काम जुलैतला

दसरा उलटला की रंगाच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. काउंटरवर शेड कार्डांचे पंखे उलगडलेले असतात, मागे टिंटिंग मशीनमधून थेंब थेंब रंग डब्यात पडत असतो, शेजारचं शेकर यंत्र भरलेला डबा धडाधडा हलवत असतं आणि या गलक्यात एखादं कुटुंब दोन चौकटींवर बोट ठेवून अडलेलं असतं. एक चौकट क्रीम, दुसरी ग्रे. सुनेला ग्रे हवा, कारण मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये तो फार छान दिसतो. सासूबाईंना क्रीम हवा, कारण घर कसं उजळ दिसलं पाहिजे. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. "काकू, दोन्ही छान दिसतात हो," असं सांगून दुकानदार मोकळा होतो. मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली असते.

दुकानदार खोटं बोलत नाही. ऑक्टोबरात दोन्ही छानच दिसतात.

महाराष्ट्रात घराला रंग काढायचा तो बहुधा दसरा-दिवाळीच्या बेतात. पाऊस ओसरलेला, भिंती वाळू लागलेल्या, घर तसंही आवरायला काढलेलं. शिवाय या दिवसांतला उजेड वर्षातला सगळ्यात देखणा. पावसाने धूळ बसवलेली असते, आकाश निवळलेलं असतं आणि सूर्य दक्षिणेकडे कलू लागल्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत उतरतं. याउलट मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबई-पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेलाच असतो. दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा ऊन मिळतच नाही. त्यात जुलैमध्ये सूर्याचं दर्शनच दुर्मीळ. ढग, झड, शिंतोडे आत येऊ नयेत म्हणून लावून घेतलेल्या खिडक्या, हॉलमध्ये दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि दुपारी दोनला लावलेली ट्यूबलाइट. रंग निवडला जातो एका उजेडात आणि त्याच्यासोबत राहायचं असतं दुसऱ्याच उजेडात. क्रीम की ग्रे हा वाद खरं तर जुलैच्या अशा दुपारी घालायला हवा.

मुळात हे दोन रंग डब्यात होतात कसे? हलक्या छटांच्या कुठल्याही डब्यात मुख्य ऐवज एकच, पांढरा बेस. त्याचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइड या भुकटीचा असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं उत्पादन सुरू झालं आणि तिने विषारी शिशाच्या सफेद्याला हळूहळू बाजारातून हुसकलं. प्रकाश वळवण्याची तिची ताकद दांडगी. तिच्या रुटाइल या प्रकाराचा अपवर्तनांक 2.7 च्या आसपास असतो, तर चुन्याच्या भिंतीवर शेवटी उरणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचा 1.6 च्या आसपास. चुन्याचे तीन-चार हात मारूनही खालचा जुना डाग डोकावत राहायचा आणि आज इमल्शनच्या दोन हातांत तो झाकला जातो, त्याचं हे एक मोठं कारण. गंमत अशी, की ही पांढरीशुभ्र भुकटी ज्या इल्मेनाइट खनिजापासून काढतात ते काळं असतं. केरळच्या किनाऱ्यावर त्याचे मोठे साठे आहेत, आणि आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही ते सापडतं.

या पांढऱ्यात यंत्राने पिवळ्या ऑक्साइडचे काही थेंब सोडले, जोडीला तांबड्याचा किंवा काळ्याचा जेमतेम अंश टाकला, की क्रीम तयार. पिवळा ऑक्साइड म्हणजे लोखंडाचं संयुग. गावाकडे मातीच्या भिंतींना लावतात ती पिवडी त्याच कुळातली. उन्हाने न विटण्याबद्दल हे कूळ प्रसिद्ध आहे, म्हणून क्रीम सहसा दगा देत नाही. ग्रेचं काम थोडं नाजूक. पांढऱ्यात नुसती काजळी मिसळली तर येणारा करडा रंग निळसर झाक मारतो. ही झाक छोट्या चौकटीत जाणवत नाही, भिंतभर पसरल्यावर जाणवते. ती मारायला रंगकंपन्या त्यात पिवळ्या-तांबड्याचे थेंब घालतात आणि मग उबदार ग्रे, मातकट ग्रे, हिरवट ग्रे, जांभळट ग्रे असं गोत वाढत जातं. शेड कार्डाच्या एका पानावरचे सगळे ग्रे वेगवेगळ्या वेळी पाहिले तर एकसारखे वाटतात. एकाशेजारी एक ठेवले की लगेच कुणी निळा पडतो, कुणी गुलाबी. दुकानात 'ग्रे दाखवा' म्हणणं म्हणूनच अर्धवट असतं.

सरकारी कामात असला घोळ चालत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस 5 या रंगांच्या यादीत 'पेल क्रीम'चा नंबर 352 आहे आणि 'लाइट ग्रे'चा 631. निविदेत नंबर लिहिला की विषय संपला. घरांना मात्र निविदा नसते, सासू-सुना असतात.

दोन पिढ्यांपूर्वी हा पेच पडायचं कारणच नव्हतं. कळीचा चुना पिंपात भिजवायचा, गाळायचा, चिकटपणासाठी त्यात सरस घालायचा आणि पांढरा पिवळट दिसू नये म्हणून चिमूटभर नीळ. हौस असेल तर नीळ वाढवून आकाशी, नाहीतर पिवडी घालून पिवळा. पर्याय बोटांवर मोजण्याइतके. मग डिस्टेंपर आलं, डब्यांवर आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली एशियन पेंट्ससाठी रेखाटलेला, कपाळावर केसांची बट आलेला, हातात ब्रश धरलेला गट्टू आला आणि शेड कार्ड नावाची चीज घराघरांत पोचली. तरी कार्डावर रंग ठरावीकच असत. खरा बदल झाला तो 1990 नंतर, दुकानादुकानांत टिंटिंग मशीन बसू लागल्यावर. बेस एक, थेंब हवे तसे, छटा हजारोंनी. तेव्हापासून गिऱ्हाईक अडतं ते क्रीमच्या पंधराव्या आणि सोळाव्या छटेच्या मध्ये. या दोन छटांमधला फरक दुकानदारालाही दिसत असेल की नाही, कोण जाणे.

छटा कुठलीही असो, तिच्याबद्दल विचारण्यासारखा पहिला आकडा म्हणजे एलआरव्ही. पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के ती परत फेकते, हे तो सांगतो. शून्य म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा काळा, शंभर म्हणजे सगळा परतवणारा पांढरा. बाजारातला चांगला पांढरा 85 च्या वर असतो, फिकट क्रीम 75 च्या आसपास आणि हलका म्हणून विकला जाणारा ग्रे बहुधा 50 ते 60 मध्ये. 75 आणि 55 हे आकडे ऐकायला जवळचे वाटतात. खोलीत ते तसे राहत नाहीत, कारण खोलीतला प्रकाश एकदाच आपटून थांबत नाही. खिडकीतून आलेला उजेड समोरच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीवर, तिथून छताकडे, छतावरून परत असा फिरत कोपऱ्यापर्यंत पोचतो. क्रीमच्या तीन भिंतींवर आपटून 100 मधले 42 भाग उरतात. 55 च्या ग्रेवर तीनदा आपटला तर उरतात 17. खिडकीजवळ दोन्ही खोल्या सारख्याच वाटतील. फरक पडतो तो कपाटाच्या आडच्या कोपऱ्यात, जिथे मुलाचं अभ्यासाचं टेबल असतं.

डोळा हा हिशेब सौम्य करून सांगतो, हेही खरं. निम्मा प्रकाश म्हणजे निम्मा उजळपणा, असं डोळ्याचं गणित नाही. तो अंधाराशी जुळवून घेतो. त्यामुळे ग्रे खोलीत कुणी ठेचकाळत नाही. होतं ते एवढंच, की दिवसा दिवा लावायची वेळ अलीकडे येते. पंधराव्या मजल्यावर, समोर मोकळं मैदान असलेल्या फ्लॅटला याचं काही वाटणार नाही. पण आपली बहुसंख्य घरं पंधराव्या मजल्यावर नाहीत. डोंबिवलीत, कसब्यात, ठाण्याच्या जुन्या सोसायट्यांत खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. तिथे प्रकाश आधीच एकदा कुणाच्या तरी भिंतीवर आपटून आलेला असतो, आणि ती भिंत विटकरी रंगाची असली तर तो रंगही सोबत घेऊन येतो. अशा घरात ग्रे लावायचा तर डोळसपणे लावावा.

दुसरी भानगड दिव्यांची. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात आणि हा आकडा बल्बच्या खोक्यावर छापलेला असतो, फक्त वाचत कुणी नाही. जुना पिवळा बल्ब 2700 च्या आसपास. 'वॉर्म व्हाइट' एलईडी 2700 ते 3000. 4000 हा मधला. आपल्याकडच्या ट्यूबा आणि बहुतेक पांढरे एलईडी 6500. आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर, आणि ढगाळ आकाशाचा उजेडही याच निळसर टोकाला जातो. म्हणजे जुलैच्या दुपारी खिडकीतून येणारा उजेड निळसर, छताखालची ट्यूब निळसर आणि त्यात भिंतीवर काजळीचा निळसर ग्रे. तिघांची गाठ पडली की खोली दवाखान्याच्या पॅसेजसारखी दिसू लागते. घरातले म्हणतात रंग फसला. रंग तोच असतो, त्याला मिळालेली सोबत वाईट असते.

क्रीमची अडचण नेमकी उलट. 2015 साली उजाला योजना सुरू झाली, पुढे तिच्यातून देशभरात 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले, बाजारात एलईडी स्वस्त झाले आणि पिवळ्या बल्बने घर सोडलं. अलीकडे इंटेरियरवाले तोच पिवळेपणा कोव्ह लाइटच्या रूपात छताच्या खाचेतून परत आणतात. पिवळ्या बल्बखाली क्रीम अजून पिवळा होतो. लोण्यासारखा म्हणून निवडलेला रंग रात्री आठनंतर आंबा बर्फीकडे झुकतो. ज्यांच्या घरात सगळे दिवे वॉर्म आहेत, त्यांनी क्रीम घेताना कार्डावर दोन घरं मागे, पांढऱ्याच्या दिशेने सरकावं. ज्यांच्याकडे सगळं 6500 चं आहे आणि ग्रे हवाच आहे, त्यांनी रंगापेक्षा आधी बल्ब बदलावेत. ते स्वस्तातही पडतं.

रंगाचं उरलेलं भवितव्य त्याचे शेजारी ठरवतात. पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे-पडद्यांच्या राजेशाही कारखान्यात मिशेल शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळ्या लोकरीला दम नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंग पक्का होता. दोष होता शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा, त्यांच्यामुळे काळा फिका वाटत होता. याच्या मागे लागून त्यांनी 1839 साली रंगांच्या परस्परविरोधाच्या नियमावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचा प्रभाव पुढे चित्रकारांवरही पडला. शेव्रल स्वतः 102 वर्षं जगले. रंग, म्हणजे, त्यांना मानवले.

शेव्रल यांचा नियम आपल्या हॉलमध्ये रोज चालतो. क्रीम भिंतीसमोर सागवानी सोफा ठेवला की दोघे एकाच घरातले वाटतात, कारण दोघांतही पिवळेपणा आहे. तोच सोफा निळसर ग्रेसमोर ठेवला की लाकूड अचानक नारिंगी दिसू लागतं. आजीचं शिसवी कपाट मात्र ग्रेसमोर राजासारखं उभं राहतं. फरशीचंही तसंच. गेल्या वीसेक वर्षांत बांधलेल्या असंख्य फ्लॅटमध्ये बिल्डरने दिलेली दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल क्रीमकडे झुकणारी असते. तिच्यावर थंड ग्रे भिंत उभी केली की टाइल जुनी, मळलेली दिसते. रोज पुसा, फरक पडणार नाही. उलट जुन्या वाड्यातली निळसर शहाबादी किंवा हिरवट कोटा असेल, तर ग्रे तिच्याशी पटकन जमवून घेतो आणि क्रीमही शोभतो. फरशी बदलायची नसेल तर शेड कार्ड दुकानात न बघता घरी आणून फरशीवर टेकवून बघावं. इतकं साधं काम फार थोडे लोक करतात.

आता मळण्याचा प्रश्न. घरात लहान मूल असेल तर याच एका मुद्द्यावर निर्णय होतो, आणि 'ग्रेवर डाग दिसत नाहीत' ही समजूत सर्रास आहे. ती अर्धीच खरी. पंख्याची धूळ, स्विचबोर्डाभोवतीचे हात, दाराच्या कडेचा काळपटपणा ग्रे पोटात घालतो. पण ओल आली की पांढरा लोणा ग्रेवरच ठळक उठतो, क्रीमवर तो लपून जातो. भिंतीला खुर्ची घासली तर मॅट ग्रेवर चकाकती रेघ उमटते आणि पुसून जात नाही. टच-अप केलेला ठिगळासारखा चौकोनही ग्रेवर जास्त दिसतो. पलंगावर मागे रेलून टीव्ही बघणाऱ्यांच्या डोक्याचं तेल मॅट भिंतीत मुरून जो गोल काळपट ठसा उमटतो, त्यातून दोघांचीही सुटका नाही. त्यावर उपाय म्हणजे तिथे धुता येणारं सॅटिन फिनिश, नाहीतर तेल न लावणं.

आणि हळद. स्वयंपाकघरात फोडणीचा शिंतोडा उडाला की क्रीमवर तो आधी दिसतच नाही, ग्रेवर लगेच दिसतो. घाईघाईने साबणाच्या पाण्याने पुसायला जावं, तर डाग लाल होतो आणि घरात ओरडा होतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लालसर होतं, साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं. हळदीला चुन्याची निवळी लावून पूर्वी कुंकू करत, त्यामागची क्रिया हीच. त्यामुळे घाबरायचं कारण नाही. साध्या पाण्याने टिपून घ्यावं आणि त्या भिंतीवर ऊन येत असेल तर वाट पाहावी, कर्क्युमिन उन्हात विरतं. ऊन न पोचणाऱ्या ओट्यामागच्या भिंतीला मात्र टाइलच बरी, मग वरचा रंग कुठलाही असो.

एवढं वाचून ग्रेवर अन्याय होतोय असं वाटेल, तर त्याचीही बाजू मांडायला हवी. नागपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यात एप्रिलच्या उन्हात पश्चिमेच्या खोलीत फिकट क्रीम डोळ्यांवर येतो. तिथे ग्रे डोळ्यांना खरा विसावा देतो. खोलीचं तापमान तो कमी करत नाही, भिंतीच्या आतल्या रंगाचा उष्म्याशी फारसा संबंध नसतो; चकाकी तेवढी कमी करतो. सिनेमाचे रंग जुळवतात त्या ग्रेडिंगच्या खोल्यांमध्ये भिंती मुद्दाम तटस्थ ग्रे ठेवतात, कारण तो डोळ्याला कुठल्याच रंगाकडे झुकवत नाही. भिंतीवर चित्रं, पुस्तकं, रंगीत पडदे भरपूर असतील तर क्रीम त्यांच्यात आपली पिवळी भर घालतो, ग्रे गप्प बसतो. संग्रहालयात हे गप्प बसणं उपयोगी. ज्यांच्या घरात पुस्तकांची एक भिंत आहे त्यांनाही. पण भिंतीवर दिनदर्शिका आणि घड्याळ यांपलीकडे काही नसेल, तर गप्प भिंतीसमोर गप्प फर्निचर, असं ते घर होतं.

ग्रेची लाट आली कुठून, हेही सांगायला हवं. 2010 नंतर जगभर नव्या घरांच्या फोटोंत ग्रेचं राज्य होतं. रंगांची भाकितं करणाऱ्या पँटोन कंपनीने 2021 साठी एकाऐवजी दोन रंग जाहीर केले, त्यांतला एक ग्रे होता आणि दुसरा चक्क पिवळा. कदाचित त्यांच्याही घरी सासूबाई असाव्यात. आता फॅशन पुन्हा मातकट, उबदार छटांकडे वळलेली दिसते. पण मैत्रिणीच्या फ्लॅटचा जो फोटो बघून रंग ठरतो, त्या फोटोवर विश्वास ठेवू नये. मोबाइलचा कॅमेरा व्हाइट बॅलन्स आपोआप सुधारतो. निळसर पडलेली भिंत तो तटस्थ करून दाखवतो, पिवळी पडलेली क्रीम पांढरी करतो. डोळ्यांना जे खटकतं ते तो खोडून टाकतो. मैत्रिणीकडे चहाला जावं, आणि जमल्यास संध्याकाळी सातला जावं.

दोन्ही हवे असतील तर मार्ग आहे, फक्त भिंत नीट निवडायला हवी. हायलाइट वॉल म्हणून ग्रे लावताना अनेक जण खिडकी असलेली भिंत निवडतात, आणि नेमकी तीच टाळायला हवी. खिडकीतून भगभगीत उजेड येतो आणि भोवतालची भिंत त्या मानाने काळोखी दिसते. ती गडद केली की हा विरोध वाढून डोळ्यांना त्रास होतो. खिडकीच्या भिंतीला क्रीम किंवा पांढरा आणि खिडकीसमोरच्या भिंतीला ग्रे असं उलटं केलं, की ग्रेवर थेट उजेड पडतो आणि तो खुलतो. टीव्हीमागची भिंतही ग्रेसाठी चांगली, पडद्याच्या लखलखाटाभोवती ती डोळ्यांना आधार देते. छत दोन्ही बाबतींत पांढरंच ठेवावं. छताला ग्रे देण्याची टूम नव्याने आली आहे. साडेनऊ फुटांच्या फ्लॅटमध्ये ती डोक्यावर येते.

निर्णयाआधी नमुना लावून बघायचा, हे रंगारीही सांगतात. पण बहुतेक ठिकाणी तो चुकीचा लावला जातो. जुन्या हिरव्या डिस्टेंपरवर तळहाताएवढे दोन पट्टे मारतात आणि लांबूनच मान हलवतात. हिरव्याच्या शेजारी ग्रे गुलाबीच दिसणार आणि क्रीमला लालसर झाक येणार. शेव्रल यांना विचारायला जायची गरज नाही. त्यापेक्षा ड्रॉइंगच्या दोन मोठ्या पांढऱ्या कार्डशीटवर, कडेला बोटभर पांढरी पट्टी ठेवून, प्रत्येकी दोन हात मारावेत. पूर्ण वाळू द्यावं. चुना वाळला की उजळतो, इमल्शन वाळल्यावर किंचित गडद होतं, त्यामुळे ओला रंग बघून घेतलेला निर्णय दोन्हीकडे फसतो. मग ते कागद भिंतीवर चिकटवून खोलीभर फिरवावेत, खिडकीजवळ, कोपऱ्यात, सोफ्यामागे. सकाळी बघावेत, रात्री ट्यूबखाली बघावेत. आणि दिवाळीआधीच्या लखलखीत दिवसांत जुलै बघायचा असेल तर सगळे पडदे ओढून, दारं लोटून, भर दुपारी ट्यूब लावून बघावेत. आपल्याला राहायचं आहे त्या घराशी एवढंच दृश्य सगळ्यात जवळचं.

रंगाच्या वादात भिंतीची तब्येत मागे पडू नये. ओल जिथून येते ती गळती बुजवल्याशिवाय पोपडे कुठल्याही रंगाला सुटत नाहीत. लांबी भरून, पॉलिश पेपर मारून भिंत सपाट केली नसेल तर बाजूने पडणाऱ्या उजेडात तिचे उंचवटे चकाकीच्या फिनिशवर जास्त दिसतात, मॅटवर कमी. आणि जुन्या घरातल्या दारं-खिडक्यांवरचा पिवळा किंवा क्रीम ऑइलपेंट घासताना जपावं. पूर्वीच्या पिवळ्या रंगांत शिशाची क्रोमेटं वापरली जात. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात 90 भागांहून जास्त असू नये, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा थर कोरडा घासून त्याची धूळ घरभर उडवणं लहान मुलांसाठी धोक्याचं. पाणी मारून ओला घासावा आणि मुलांना तेवढे दिवस आजोळी धाडावं.

शेवटी खरेदी. फिकट क्रीम आणि हलका ग्रे दोन्ही पांढऱ्या बेसमध्येच बनतात, त्यामुळे एकाच प्रतीच्या रंगात किमतीचा फरक सहसा नगण्य असतो. गडद ग्रेला वेगळा बेस लागतो, तिथे दर बदलतो. दहा बाय बाराच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीच्या चार भिंती मिळून 418 चौरस फूट भरतात. दार-खिडकी वजा करून डब्यावर छापलेल्या व्याप्तीने भागावं, म्हणजे रंगाऱ्याने सांगितलेले लिटर बरोबर आहेत का ते कळतं. सगळे डबे एकाच वेळी, एकाच यंत्रातून घ्यावेत. एकाच नंबरचा रंग दोन वेगळ्या दिवशी काढला तर छटेत बारीक फरक पडू शकतो, आणि ग्रेवर तो भिंतीच्या मधोमध दिसतो. मोठ्या पिंपात सगळे डबे एकत्र ढवळून मगच कामाला लागणारा रंगारी मिळाला तर त्याला सोडू नये. उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकण लावून माळ्यावर ठेवावा, आणि कंपनी, छटेचा नंबर, बेस आणि तारीख मार्करने मीटरच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. दोन वर्षांनी खिळा काढल्यावर पडलेलं भोक बुजवायचं असतं, तेव्हा घरात कुणालाच तो नंबर आठवत नाही.